मधला ‘न’

समुद्रकाठच्या एका गावात गदाधरपंत नावाचे एक इतिहासकार राहत होते. गाव बंदराचं होतं. पूर्वेकडून जहाजं यायची आणि त्यांतून रेशीम, मिरी, चिनी मातीची भांडी यांच्याबरोबर पुस्तकंही यायची. ताडपत्रांच्या पोथ्या, पातळ कागदाच्या गुंडाळ्या, कुठल्या कुठल्या लिप्या. पंत खलाशांना घरी बोलवायचे, पोटभर जेवू घालायचे आणि त्यांच्याकडून त्यांची भाषा शिकायचे. स्वतः मात्र ते कधी होडीतसुद्धा बसले नव्हते. त्यांना पाण्याची भीती वाटायची. तशी त्यांना बऱ्याच गोष्टींची भीती वाटायची. दाराची कडी जोरात वाजली तरी हातातली लेखणी खाली पडायची.

अशा या माणसाने पूर्वेकडच्या देशांची एक मोठी बखर लिहिली. राजाने ती वाचली नाही, पण त्याला ती फार आवडली. त्याने आपलं ग्रंथालय पंतांच्या ताब्यात दिलं. जहाजातून उतरणारं प्रत्येक पुस्तक आधी पंतांच्या हाती पडू लागलं. पंतांना याहून जास्त काही नको होतं. खरंच नको होतं.

बखरीतलं एक प्रकरण लोकांना तोंडपाठ होतं. पूर्वेकडच्या एका बेटावर तिथल्याच राजाने नदीचं पाणी अडवलं, तेव्हा तिथली माणसं आपापले रिकामे हंडे घेऊन महालासमोर जाऊन बसली. हंडे पालथे घातले आणि गप्प बसली. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. पंतांनी ते असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं. प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘त्या बेटावरचे पंडित तेव्हा ग्रंथ वाचत बसले होते, हे लिहिताना लाज वाटते.’

पंतांची भिवरा नावाची एक विद्यार्थिनी होती. रंगाऱ्यांच्या आळीतली. तिचे हात मनगटापर्यंत निळे असायचे आणि पुस्तकाला हात लावण्याआधी ती ते पदराला तीनतीनदा पुसायची, जरी तो रंग सुटणारा नव्हता तरी. जुनी लिपी ती पंतांकडेच शिकली. आळीतल्या बायकांना संध्याकाळी बखर वाचून दाखवायची तीच.

या गावात विहिरी खूप होत्या, पण सगळ्या खाऱ्या. गोडं पाणी एकाच ठिकाणी होतं. गावाबाहेरच्या तळ्यात. रंगारी त्यावर जगत होते, कारण खाऱ्या पाण्यात निळा रंग धरत नाही. पूर्वीच्या एका राणीने ते तळं खणवलं होतं आणि काठावर एक दगड उभा केला होता. दगडावर एक ओळ कोरलेली होती आणि ओळीखाली गाढवाचं चित्र होतं. दानाच्या लेखाखाली असं गाढव कोरतात, ते शापाचं असतं. जो हे दान मोडेल त्याचं वाटोळं होवो, असा त्याचा अर्थ. आळीतल्या लहान पोरांनाही तो ठाऊक होता.

जुन्या काळी कोरताना शब्द सुटे करत नसत. सगळी अक्षरं एका रांगेत. त्यामुळे दगडावर दिसायचं ते असं: तळेरयतेकडेअसोनदेणेकोणासही.

पिढ्यान्‌पिढ्या लोक ते असं वाचत आले होते: ‘तळे रयतेकडे असो, न देणे कोणासही.’ म्हणजे तळं लोकांचं, ते कोणालाही द्यायचं नाही.

पण पंत तरुण असताना त्यांनी या दगडावर एक टिपण लिहिलं होतं. तेव्हा आपली हुशारी दाखवायची त्यांना फार हौस होती. तो मधला ‘न’ मागच्या शब्दाला जोडला तर काय होईल, असं त्यांच्या मनात आलं. ‘तळे रयतेकडे असोन देणे कोणासही.’ जुन्या बोलीत ‘असोन’ म्हणजे असून. म्हणजे तळं लोकांकडे असलं तरी ते कोणालाही देता येईल. पंतांना गंमत वाटली. त्यांनी टिपणाखाली लिहिलं, ‘दोन्ही वाचने संभवतात.’ ते टिपण त्यांनी पुढे बखरीच्या शेवटी जोडून दिलं. कोणी वाचलं नाही.

नाही म्हणायला, राजाच्या कारभाऱ्याने वाचलं.

झालं असं, की भानशेट नावाच्या व्यापाऱ्याला ते तळं हवं होतं. जहाजांना लांबच्या प्रवासाला गोडं पाणी लागतं आणि ते विकायचा त्याचा विचार होता. राजाने होकार दिला. तळ्याभोवती कुंपणाचे खांब येऊन पडले. लोकांनी कारभाऱ्याला दगड दाखवला, तर त्याने शांतपणे बखर उघडली आणि पंतांचं वाक्य वाचून दाखवलं.

“हे माझं म्हणणं नाही,” तो म्हणाला. “तुमच्याच गावच्या विद्वानाचं आहे. तुम्हाला तर ही बखर पाठ आहे म्हणे.”

त्या दिवशी आळीत कोणाच्या घरी धड जेवण झालं नाही. मग भिवरा म्हणाली, “आपण हंडे घेऊन बसू. त्या बेटावरच्यांसारखं.”

“पालथा हंडा?” गोदाआत्या म्हणाली. ती आळीत सगळ्यांत म्हातारी होती, कानाने जवळजवळ ठार बहिरी, आणि त्यामुळे तिचं बोलणं चार घरं ऐकू जायचं. “भरल्या घरात पालथा हंडा कोण घालतं गं? अवलक्षण.”

“तेच राजाला दिसू दे, आत्या.”

“काय?”

“राजाला दिसू दे, म्हटलं.”

“हां. मग मी पुढे बसते. माझा हंडा सगळ्यांत मोठा आहे. सुनेला उचलवत नाही, म्हणून बाजूला पडलाय मेला.”

सगळी आळी तळ्याकाठी जाऊन बसली. हंडे पालथे घातले आणि गप्प बसली, जसं पुस्तकात होतं तसं. शिपाई आले आणि नुसते उभे राहिले, कारण गप्प बसलेल्या माणसांचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कारभारी हुशार होता. त्याने जाहीर केलं, “उद्या सकाळी पंत इथे येतील आणि दगड वाचतील. ते म्हणाले ‘न देणे’, तर खांब परत जातील. राजाचा शब्द आहे.”

दुपारी भिवरा पंतांकडे गेली. तिने कडी हळूच वाजवली, तरी पंत दचकले.

“गुरुजी, उद्या तुम्ही खरं वाचन सांगा. एवढंच.”

पंतांनी पुस्तक मिटलं नाही. बोट पानात ठेवूनच ते म्हणाले, “भिवरा, मी एकदा लिहिलंय की दोन्ही संभवतात. आता उठून उलट सांगायचं म्हणजे लोक काय म्हणतील?”

“लोक तिथे हंडे घेऊन बसलेत. ते काही म्हणणार नाहीत.”

“तुला कळत नाही. इतिहासकाराने चालू गोष्टीत पडू नये. गोष्ट घडून जाऊ दे, धूळ बसू दे, मग चारही बाजूंनी पाहून लिहिता येतं.”

“गुरुजी, ज्याखाली शापाचं गाढव आहे, त्यावर ‘कोणालाही द्या’ असं कोणी कोरेल का? हे तुम्हीच शिकवलंत.”

पंतांनी बोटाखालचं पान उलटलं. त्यांना ते ठाऊक होतं. टिपण लिहितानाही ठाऊक होतं.

“त्या बेटावरच्या पंडितांची तुम्हाला लाज वाटली होती,” भिवरा म्हणाली. “आम्ही ते वाक्य वाचायचो तेव्हा बायका म्हणायच्या, आपल्याकडे पंत आहेत.”

“विचार करतो मी,” पंत म्हणाले. “जा आता. कोणी पाहील.”

ती गेल्यावर थोड्याच वेळाने कारभारी आला. त्याने आवाज चढवला नाही. पंतांची चढलेल्या आवाजाची तयारी होती, याची नव्हती.

“पंत, तुम्ही खोटं बोलावं असं मी मुळीच म्हणणार नाही,” तो म्हणाला. “विद्वानाने खोटं का बोलावं? तुम्ही फक्त तुमचंच वाक्य पुन्हा म्हणा. दोन्ही संभवतात. पुढचं आम्ही बघू.” मग त्याने फडताळांवरून सावकाश नजर फिरवली. “पुढच्या जहाजातून सयामहून पोथ्या येतायत म्हणे. त्या लावायला जागा आहे ना? नाही, दुसरा कोणी नेमायचा झाला तर त्याला यातलं काय कळणार, म्हणून विचारतो.”

पंतांचा हात आपोआप एका पोथीवर गेला, एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

तो कारभारी गेल्यावर पंतांनी स्वतःची समजूत घातली. आणि हेच सगळ्यांत वाईट, की ती सहज घातली गेली. दोन्ही संभवतात हे व्याकरणाने खरंच होतं. ते कोणाची बाजू घेत नव्हते. राजा काही अगदीच निर्दय नव्हता. पुस्तकं जपली गेली तर पुढच्या पिढ्यांचं भलं होणार होतं.

सकाळी पंत तळ्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतक्या माणसांसमोर उभे होते. पहिल्याच रांगेत गोदाआत्या होती. तिने मान वर करून पंतांकडे पाहिलं आणि जागा करून देण्यासाठी आपला हंडा थोडा बाजूला सरकवला. तिला वाटलं, पंत बसायला आलेत.

“वाचा, पंत,” कारभारी म्हणाला.

पंतांनी दगडावरून बोट फिरवलं. ‘न’ पाशी ते थांबलं. सगळ्या अक्षरांत ते एकच अक्षर थोडं खोल कोरलेलं होतं. ‘नाही’ हे ठसवावं तशी कोरणाऱ्याने तिथे छिन्नी जास्त दाबली होती. आजवर पंतांनी दगड कागदावरच्या ठशातून वाचला होता, त्यामुळे हे त्यांना कळलं नव्हतं. आता बोटाला कळलं.

“दोन्ही वाचने संभवतात,” पंत म्हणाले.

कोणी ओरडलं नाही. एक बाई फक्त म्हणाली, “काय म्हणाले?” आणि दुसरीने तिला सांगितलं.

“ऐकलंत,” कारभारी म्हणाला. “संभवतं. आता उठा.”

माणसं उठेनात. मग शिपायांना काय करायचं ते सांगण्यात आलं. घोडे पुढे आले. हंडे खुरांखाली चेपायला लागले, तशी माणसं पळाली. गोदाआत्या पळाली नाही. ती शूर होती असं पुढे लोक म्हणायचे, पण खरी गोष्ट साधी होती. तिची पाठ घोड्यांकडे होती आणि ‘उठा’ हे तिला ऐकूच आलं नव्हतं. ती पंतांकडे बघत होती. ते अजून बोलतायत असं तिला वाटत होतं.

पंतांनी डोळे मिटून घेतले. म्हणून पुढचं त्यांनी पाहिलं नाही.

भिवराला तुरुंगात टाकलं. कुंपण उभं राहिलं. खाऱ्या पाण्यात निळा रंग धरेना, तेव्हा रंगारी एकेक करत घरं सोडून गेले. कोण कुठे गेलं हे कोणी लिहून ठेवलं नाही. दगड आडवा येत होता, म्हणून तो उपटून ग्रंथालयाच्या अंगणात आणून ठेवला. पंतांच्याच देखरेखीखाली.

पंतांना त्यानंतर झोप लागत नसे. ते नवीन पुस्तक लिहायला बसले. त्यात त्यांनी सगळं लिहिलं. तळं, दगड, शापाचं गाढव, खोल कोरलेला ‘न’. एकच वाचन संभवतं, आधीचं टिपण चूक होतं, असं स्पष्ट लिहिलं. घोड्यांखाली गेलेल्या गोदाआत्याचं नावही लिहिलं. पुस्तक उत्तम झालं. परदेशातल्या विद्वानांनी त्याची वाहवा केली. राजाने ते ग्रंथालयात ठेवून घेतलं, कारण आता त्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. तळ्याचं पाणी केव्हाच जहाजांतून निघून गेलं होतं.

काही वर्षांनी भिवरा सुटली. ती ग्रंथालयात आली तेव्हा पंतांनी तिला आधी ओळखलंच नाही. तिच्या हातांचा निळा रंग पार गेला होता.

पंत घाईघाईने उठले. त्यांनी नवं पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. “बघ, भिवरा. मी लिहिलंय. ‘न देणे’ हेच खरं. पुराव्यासकट लिहिलंय. कोणाला शंका राहणार नाही असं.”

भिवराने ते पान वाचलं. नीट, शेवटपर्यंत, पूर्वी वाचायची तसं.

“चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली.

पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे तू मला…”

“गुरुजी, दगडावर काय लिहिलंय हे आम्हाला माहीतच होतं,” ती म्हणाली. “ते विचारायला आम्ही तुमच्याकडे आलो नव्हतो. ते मोठ्याने म्हणायला कोणीतरी हवं होतं, त्या एका सकाळी.”

तिने पुस्तक मिटून त्यांच्या हातात परत दिलं. रंगाऱ्यांच्या आळीत ते वाचून दाखवायला नेऊ का, असं तिने विचारलं नाही. तिथे आता कोणी राहत नव्हतं.

तात्पर्य: खरं बोलायची एक वेळ असते. ती वेळ भीतीने टाळून मग कितीही सुंदर खरं लिहिलं, तरी ज्यांना त्याची गरज होती ती माणसं ते वाचायला उरलेली नसतात.