उद्याचा पेपर

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पेपरांचे गठ्ठे मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, दुपारी एखादा गठ्ठा सोडते आणि वाचता वाचता त्या जुन्या दिवसात अलगद उतरते. लोक त्याला डुलकी म्हणतात.

त्या दुपारी मी तेवीस वर्षांपूर्वीच्या एका सोमवारात, पेपरातल्या नव्या कोऱ्या पुलावरून चालत होते. डोळे उघडले तर समोर नगराध्यक्ष तात्यासाहेब इंगवले.

“बाई, हे गठ्ठे उद्या रद्दीत घाला. इथे माझ्या सत्कारांच्या ढाली मांडायच्यात. शिळ्या बातम्या कोण वाचतंय?”

मी मांडीवरचा पेपर पुढे केला. “घालते की. यातली शिळी बातमी तेवढी दाखवा.”

तात्यासाहेब पहिल्यांदा निवडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर होता तो. चष्मा चढवून ते मोठ्यांदा वाचू लागले. “मंडईला दिवाळीपूर्वी छप्पर : इंगवले. गावाला रोज पाणी : इंगवले. नदीवर वर्षभरात पूल...” पुढचं नाव त्यांनी मनातच वाचलं.

टेबलाभोवतीची पेन्शनर मंडळी आपापल्या पेपरामागे गेली.

“यातलं अजून काहीच झालं नाही, तात्यासाहेब,” मी म्हटलं. “मग हा पेपर शिळा कसा? हा तर उद्याचा. दुसरा गठ्ठा सोडू?”

“नको, नको. राहू द्या सगळे,” म्हणत ते दाराकडे वळले.

“पूल झाला की मात्र कळवा,” मी म्हटलं. “तेवढा एक पेपर लगेच रद्दीत घालते.”