शिरीषाची शेंग आणि घरट्यातला चिखल

मुलांनो, ही गोष्ट मला बरोबर आठवते आहे की नाही, याची मला खात्री नाही. ऐकली तेव्हा मी तुमच्याएवढा होतो. तिच्यातले झाड बाभळीचे होते की शिंदीचे, कावळा एक होता की दोन, अशा शंका आता येतात, आणि इतकी पुस्तके चाळूनही ती मला कुठे छापलेली सापडली नाही. पण तिच्यातल्या पक्ष्याचा मला लहानपणी फार अभिमान वाटला होता आणि तो अजून कमी झालेला नाही. म्हणून आठवते तशी सांगतो. चुकले असेल ते माझे समजा.

तर एका रानात तळ्यावर वाकलेली एक बाभूळ होती आणि तिच्यावर एक विणकर पक्षी राहत असे. आपण ज्याला सुगरणीचे घरटे म्हणतो, ते विणणारा पक्षी तो हाच. गवताच्या पात्याला कडेला चोचीने चीर द्यायची, टोक घट्ट धरायचे आणि तसेच उडायचे, की लांबलचक पट्टी सोलून हाती येते. अशा पट्ट्यांनी तो फांदीच्या टोकाला आधी अर्धेच घरटे विणतो, उलट्या टोपीसारखे. मग मादी येते, गाठी ओढून पाहते. तिला पसंत पडले, तरच तो पुढे पोट विणतो आणि शेवटी खाली लोंबणारी लांब नळी. नळी लांब असली की कावळ्याची चोच अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. आपल्या विणकराची वीण साऱ्या झाडावर वाखाणली जाई. तळ्यातले म्हातारे कासवसुद्धा मान वर काढून म्हणे, "बाबा रे, तुझ्या गाठी पाहिल्या की माझी पाठ मला ओबडधोबड वाटते."

त्या रानात एक खेळ चालत असे. वडाखाली एक कोल्हा पळसाची दोन पाने उलटी मांडून एकाखाली बोर लपवी. कुठल्या पानाखाली आहे ते ओळखले, तर लावाल त्याच्या दुप्पट मिळे. नाही ओळखले, तर लावलेले गेले. पण खेळ उघड्यावर होता. कोणी फार वेळ रमला, की त्याची आई नाहीतर आत्या येई आणि चारचौघांत त्याला घरी घेऊन जाई. कोल्ह्याला हे सलत होते. तो एका कोळ्याला म्हणाला, "वडाखाली डोळे फार. आपणच त्यांच्या घरी गेलो तर?"

कोळ्याने कोल्ह्याच्या बिळापासून झाडाझाडांपर्यंत दोरे ताणले. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला शिरीषाची एक वाळलेली शेंग बांधली. काय लावायचे ते दोऱ्याला अडकवायचे आणि एक हिसका द्यायचा. ते सरसर घसरत बिळात जाई. शेंग खुळखुळली, की दुप्पट परत येई. गप्प राहिली, की गेले. कोणाला भेटायला नको, कोणाला सांगायला नको.

शेजारच्या ढोलीतली खार संध्याकाळी एक चारोळी लावायची. गेली तर हसायची. "संपली माझी चारोळी, संपला माझा खेळ," असे म्हणत शेपटी झटकून ती कामाला लागायची.

विणकरही आधी तसाच खेळला. विणून उरलेले आखूड तुकडे तो लावी. एकदा शेंग खुळखुळली आणि दोन लांब, हिरवीगार पाती परत आली. तो आनंदाने फांदीभर नाचला. पुढे शेंग बराच वेळ गप्प राहिली, तेव्हा त्याला आपल्या विद्येची आठवण झाली.

"खारुताई, मला ह्यातली खूण कळली," तो म्हणाला. "वीण कशी असते? पाते एकदा खाली जाते, एकदा वर येते. ही शेंग इतक्या वेळा खाली गेली, म्हणजे आता वर येणारच!"

"अरे शहाण्या," खार म्हणाली, "वीण तू घालतोस, म्हणून तिला नियम आहे. शेंग कोल्हा हलवतो."

"तुला विणकाम येत नाही, म्हणून तुला ते दिसत नाही," विणकर म्हणाला. आणि त्याने पुन्हा हिसका दिला.

त्याच सुमारास एक मादी त्याचे अर्धे घरटे पाहायला आली. तिने गाठी ओढल्या, आत बसून झोके घेतले आणि मान डोलावली. मग तिला भिंतीतून आत आलेला दोरा दिसला. "वीण पसंत आहे," ती म्हणाली, "पण हे खुळखुळे माझ्या घरात नको. ते आधी काढा." विणकराने दोरा काढला, पण तोडला नाही. पलीकडच्या फांदीवर त्यानेच अर्धवट टाकून दिलेले एक जुने घरटे लोंबत होते. त्याच्या भिंतीला भोक पाडून त्याने दोरा तिथे नेऊन बांधला.

घरट्याचे पोट विणून झाले. मादीने अंडी घातली आणि ती उबवायला बसली. आता राहिली होती नळी. विणकर सकाळी पाते आणायला निघे, आणि वाटेत ते जुने घरटे लागे. कधी तो तिथे थांबायचे नाही असे ठरवूनही येई, पण नेमकी तेव्हाच शेंग आपोआप खुळखुळे आणि दोऱ्यावरून कोल्ह्याचा आवाज येई, "आज तुझा दिवस आहे, राजा!" मग नळीसाठी सोललेले पाते दोऱ्यावरून बिळात जाई. ते परत मिळवायला दुसरे, आणि दुसरे मिळवायला तिसरे.

"अहो, नळी कधी वाढायची?" मादी विचारी.

"गवत सुकलंय. लांबून आणावं लागतं," तो म्हणे.

"समोर तर हिरवंगार दिसतंय."

"तुला कळतं का त्यातलं?" तो तिच्या अंगावर खेकसे. पूर्वी तो असा कधी बोलत नसे. विणतानाही त्याचे लक्ष शेंगेकडे असे. त्याच्या गाठी सैल पडू लागल्या.

एक दिवस कासवाने पाण्यातून हाक मारली, "बाबा रे, चोचीत काय आहे?"

विणकराने पाहिले. चोचीत पाते होते. पण ते ताजे नव्हते. ते विणून विणून वळलेले होते. त्याने स्वतःच्याच घरट्याच्या नळीतून ते उपसून आणले होते, आणि कधी उपसले ते त्याला सांगता येईना.

"पडलेलं सापडलं," तो पुटपुटला.

"मी आपलं विचारलं," कासव म्हणाले. "किती गेलं ते तू मोजत बसतोस. कुठून गेलं तेही एकदा बघ."

त्या दुपारी एक कावळा बाभळीवर उतरला. आखूड झालेल्या नळीकडे मान वाकडी करून पाहत तो म्हणाला, "वा, वा! ह्या घरच्यांनी पाहुण्यांसाठी दार उघडंच ठेवलंय की!" आणि त्याने चोच आत घातली. मादी किंचाळली.

विणकर तेव्हा जुन्या घरट्यात होता. शेवटचे पाते नुकतेच दोऱ्यावरून गेले होते. त्याने ती किंकाळी ऐकली. ती कोणाची हेही त्याला कळले. आणि तरीही शेंग खुळखुळते का, हे ऐकायला तो तिथेच थांबला. क्षणभरच, पण थांबला.

शेंग गप्प राहिली. तो उडाला.

तोवर सगळी बाभूळ कावळ्यावर तुटून पडली होती. पंखांचा नुसता गोंधळ उडाला. खार फांदीवरून कावळ्याच्या शेपटीवर आदळली. कावळा शिव्या देत तळ्यापार निघून गेला. अंडी वाचली होती. मादी पंख पसरून त्यांच्यावर बसून होती.

"बिचारा! हा गवत आणायला लांब गेला होता," शेजारचा एक विणकर म्हणाला. "नाहीतर आधी हाच धावला असता."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणाले, "इतकी मेहनत करतो हो!" मुलांनो, इथे त्याने नुसते गप्प बसायचे होते. खोटेसुद्धा बोलावे लागणार नव्हते; ते दुसऱ्यानेच बोलून दिले होते. झाडावरचा त्याचा मान तसाच राहिला असता.

विणकर फांदीच्या टोकावर आला. "मी लांब गेलो नव्हतो," तो म्हणाला. "मी इथेच होतो, त्या जुन्या घरट्यात. हिची हाक मला ऐकू आली होती, आणि मी शेंगेसाठी थांबलो. नळीची पाती मी खेळात घालवली. रोज ठरवतो, रोज जातो. मला थांबता येत नाही. मला मदत करा."

खार सरकत त्याच्याजवळ आली.

"पण खेळते तर मीपण," खार हळूच म्हणाली.

"ताई, तुझी चारोळी संपली की तुला उठता येतं. मला नाही येत. तुझ्यासाठी तो खेळ असेल. माझ्यासाठी आता तो खेळ राहिला नाही."

ज्याने त्याची बाजू घेतली होती, तो शेजारचा विणकर खाली बघत म्हणाला, "दोरा माझ्याही घरट्यात आहे. मला वाटायचं, माझ्या एकट्याचंच असं होतं."

मादीने नळीतून डोके बाहेर काढले. सगळे तिच्याकडे पाहू लागले. "मला राग आलाय," ती म्हणाली. "तो काही आज जायचा नाही. पण एवढ्या मोठ्या झाडासमोर हे बोलायला छाती लागते, आणि ती माझ्या घरधन्याला आहे. आता आधी तो दोरा तोडा, मग पाते आणा. मोह झाला की मला सांगा. लपून जाऊ नका."

विणकराने दोरा चोचीने तोडला. मग तो तळ्याच्या काठावर उतरला, ओल्या चिखलाचा गोळा चोचीत घेतला आणि जुन्या घरट्याचे भोक लिंपून टाकले. दुसरा गोळा त्याने आपल्या राहत्या घरट्याच्या भिंतीला आतून चिकटवला. "जाता-येता माझ्या डोळ्यांसमोर राहू दे," तो म्हणाला.

एवढ्याने सगळे संपले असे नाही. दुसऱ्या झाडांवरच्या शेंगा वाजत, तेव्हा त्याचे पंख आपोआप तिकडे वळत. मग तो मादीला सांगे, "आत्ता जावंसं वाटतंय." ती म्हणे, "बरं केलंत सांगितलंत. हे टोक धरा." कधी तो कासवाजवळ जाऊन बसे, आणि मोह ओसरेपर्यंत कासव त्याला आपल्या तरुणपणीच्या पुराच्या लांबलचक कंटाळवाण्या गोष्टी ऐकवी. शेजाऱ्यांनी पाती आणून दिली. विणायचे मात्र त्यानेच होते. नळी बोटबोट वाढत गेली.

एक दिवस कोल्हा स्वतः बाभळीखाली आला. "राजा, रुसलास का? तुझ्यासाठी एक डाव फुकट राखून ठेवलाय. काही लावू नकोस, नुसता हिसका दे. आज तुझा दिवस आहे!"

वरून घरट्यातल्या पिलांची चिवचिव ऐकू येत होती. विणकराने नळीच्या टोकाला शेवटची गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि म्हणाला, "कोल्होबा, आज माझाच दिवस आहे. नळी पुरी झाली."

सगळे झाड किलबिलून उठले. कासव पाण्यातून म्हणाले, "गाठी पूर्वीइतक्या सुबक नाहीत रे बाबा." आणि थोडे थांबून म्हणाले, "पण मला ह्याच जास्त आवडल्या."

पिले मोठी झाली. त्यांनी आपली घरटी विणली, तेव्हा त्यांनीही भिंतीला आतून चिखलाचा गोळा लावला. कोणी विचारले, तर ती मान ताठ करून सांगत, "आमच्या बाबांनी लावला होता."

तात्पर्य, मला उमगले तेवढे : उरलेल्यातून खेळावे आणि ठरल्या वेळी उठावे, तोवर तो खेळ. लपवावे लागले, गेलेले परत मिळवायला पुन्हा लावावे लागले आणि घरच्यांची हाक ऐकूनही उठवेना, की समजावे, आता आपणच पणाला लागलो आहोत. तेव्हा चारचौघांत "मला मदत हवी" म्हणण्यात कमीपणा नाही. त्याचा अभिमान बाळगावा.

ही गोष्ट ऐकल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, शिकूनसवरून मोठा झाल्यावर, मला एका विहिरीच्या काठी वाऱ्याने पडलेले सुगरणीचे रिकामे घरटे सापडले. आपली आठवण खोटी ठरेल, ह्या भीतीने मी ते बराच वेळ उघडलेच नाही. शेवटी भिंतीवरून आतून बोट फिरवले, तर तिथे वाळलेल्या चिखलाचा गोळा होता. नंतर जाणकारांना विचारले. ते म्हणाले, हा पक्षी घरट्याला आतून चिखल लावतो, हे अगदी खरे आहे. कशासाठी लावतो, यावर मात्र अजून त्यांचे एकमत नाही.