पवनाताईचं वाढप

फार मागे, धुक्यात बुडालेल्या एका कारखान्यात हवा भरणारं एक यंत्र राहायचं. सारे तिला पवनाताई म्हणत. हवेवर चालणारं एकही हत्यार उपाशी राहू द्यायचं नाही, असं तिचं व्रत होतं. तिने दाबून भरलेली हवा शेजारची टाकीमावशी पोटात साठवी आणि लागेल तशी हत्यारांना देई.

एका दुपारी हत्यारं पेंगत होती आणि टाकीमावशीचं पोट गच्च भरलं होतं. दोघींच्या मधली इवलीशी झडप म्हणाली, "ताई, मी बाहेरच्या बाजूला उघडते. तू नुसती फिरत राहा, हवा बाहेर जाऊ दे."

"इश्श! वाढता वाढता हात आखडू? माझं व्रत मोडेल ना!" असं म्हणून पवनाताईने झडप घट्ट दाबून धरली आणि आणखी हवा रेटली.

टाकीमावशीचे सांधे करकरले. "अगं बाई, पुरे! मी पानावर हात आडवा धरलाय, दिसत नाही का? मी फुटले, तर उद्या या लेकरांना कोण देईल?"

पवनाताई चरकली. तिने झडप सोडली. फुस्स करून हवा धुक्यात मिसळली आणि पवनाताई झोपाळ्यावर बसल्यासारखी हलकी हलकी फिरू लागली. फिरता फिरता तिला प्रथमच बाहेरच्या पाखरांचा आवाज ऐकू आला.

हळूहळू हत्यारं जागी होऊन हवा घेऊ लागली. मावशीचं पोट सैलावलं, तशी झडप आपणहून मिटली.

"वाढ गं आता," मावशी म्हणाली.

पवनाताईने मायेने विचारलं, "मावशी, किती वाढू?"