पितळी कुलपाचा पहारा

कुलपं बोलायची, तेव्हाची गोष्ट. चैत्रात मुंगूसमामा सहकुटुंब जत्रेला निघाले. घर तापू नये म्हणून त्यांनी मागची खिडकी उघडी ठेवली आणि पुढच्या दाराचं पितळी कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

दुपारी एक वानर आलं. “घरात कोण आहे?”

“कोणी नाही. सोमवारी येतील,” कुलूप म्हणालं. “पण या दारातून मुंगीलाही आत सोडणार नाही.”

“बरं,” म्हणून वानर मागे गेलं. थोड्या वेळानं खिडकीतून काढलेला पलंग डोक्यावर घेऊन जाताना त्यानं कुलपाला रामराम घातला. कुलूप बोललं नाही, ड्यूटीवर होतं.

सोमवारी मामांनी दार उघडलं. आत भिंती तेवढ्या उरल्या होत्या. मामा मटकन खाली बसले.

“निश्चिंत राहा मामा,” कुलूप म्हणालं, “मला कोणी हातसुद्धा लावला नाही.”