मधपाळांच्या यादीतला चोर

चार डोंगरांच्या मधे एक गाव. त्या गावात मधमाश्या पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळात उमाजी नावाचा एक भोळा कारकून होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी. दुःख तेवढंच होतं.

मंडळाच्या अध्यक्षा शेवंताकाकू. त्यांनी अकरा वर्षं खपून एकशेचाळीस मधपाळांची मेलची यादी जमवली होती. एकाने मेल टाकला की सगळ्यांना पोचायचा. कुठल्या डोंगरावर जांभूळ फुललंय ते त्यातूनच कळे, आणि लोक मधपेट्या तिकडे हलवत.

एके दिवशी यादीत भूत शिरलं. कुणीही मेल टाकला की लगेच सगळ्यांना उत्तर यायचं : ‘मी यात्रेला गेलो आहे. आल्यावर बोलू.’ उत्तराचा पत्ता यादीत कुणाचाच नव्हता. लोक वैतागले. पन्नास जणांनी कळवलं, हे थांबवा, नाहीतर आम्ही चाललो.

काकूंना रडू यायचं बाकी होतं. “उमाजी, यादी फुटली तर पेट्या उपाशी मरतील. त्यालाच विचार, बाबा तू कोण.”

उमाजीने विचारलं. उत्तर आलं, मी यात्रेला गेलो आहे. उमाजीने विचारलं, कुठल्या यात्रेला? उत्तर आलं, आल्यावर बोलू. असं एकतीस वेळा झालं. एकशेचाळीस लोकांनी ते सगळं वाचलं.

काकूंनी डोक्याला हात लावला. “अरे, ते यंत्र आहे. यात्रेला गेलोय म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं.”

“बरं काकू.”

दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष खंडेरावांचा फोन आला. “उमाजी, मी यात्रेला गेलो होतो. आता चार भरलेल्या मधपेट्या घेऊन स्टँडवर उभा आहे. टेम्पो पाठव.”

उमाजीने फोन ठेवून दिला. यंत्र हुबेहूब खंडेरावांच्या आवाजात बोलतं याचं त्याला कौतुक वाटलं. तिकडे उन्हात माश्या बिथरल्या आणि स्टँडवरच्या माणसांना पळता भुई थोडी झाली.

“तू म्हणजे कमाल आहेस,” काकू म्हणाल्या. “हे बघ. कुणीतरी आपले मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवलेत, आणि तिथलं यंत्र उत्तर देतंय. प्रत्येकाला वेगळं पत्र पाठव. ज्या पत्राला यात्रेचं उत्तर येईल, ते ज्याला पाठवलं तोच चोर.”

“बरं काकू.”

उमाजीने रात्रंदिवस बसून एकशेचाळीस वेगळी पत्रं लिहिली. मंडळाची सभा होतीच. एकाला लिहिलं मंगळवारी शाळेत, दुसऱ्याला शुक्रवारी तळ्यावर, तिसऱ्याला पहाटे पाचला स्मशानाच्या वाटेवर. विषय म्हणून प्रत्येक पत्राच्या माथ्यावर वार आणि जागा घातली.

आणि काय सांगावं, चोर सापडला. उत्तराच्या माथ्यावर ‘बुधवार, पिठाची गिरणी’ असं होतं, आणि ते पत्र गेलं होतं फक्त नरहरी गुरुजींना. गुरुजींनी आपले मेल भाच्याकडे वळवले होते, आणि भाचा गेला होता यात्रेला.

काकूंना हसावं की रडावं कळेना. स्मशानाच्या वाटेवर पहाटे पाचपासून एक म्हातारा सतरंजी टाकून बसला होता. तरी त्या म्हणाल्या, “गुरुजींना यादीतून काढ. सगळ्यांची माफी माग. आणि पुढे ज्याचं लगेच उत्तर येईल, तो यंत्र. मला न विचारता काढून टाकायचा.”

“बरं काकू.”

उमाजीने गुरुजींना काढलं आणि यादीवर लिहिलं, ‘चोर सापडला. त्रासाबद्दल माफी असावी.’

मधपाळ मनाचे मोठे. मिनिटभरात एकाचं उत्तर आलं, ‘शाबास उमाजी.’ उमाजीने त्याला काढला. दुसऱ्याचं आलं, ‘जाऊ दे रे, चुका माणसाकडूनच होतात.’ माणसाकडून म्हणतंय म्हणजे हे यंत्र फारच बनेल, असं म्हणत त्यालाही काढला. खंडेरावांनी सुजलेल्या बोटांनी ‘ठीक’ एवढंच लिहिलं. तेही गेले. काकूंनी लिहिलं, ‘वाचवलंस रे बाबा.’ उमाजीला वाईट वाटलं, पण आज्ञा काकूंचीच होती.

संध्याकाळी तो घाम पुसत त्यांच्या घरी आला.

“काकू, यादी स्वच्छ झाली. आता एकही उत्तर येत नाही.”

“देव पावला. किती जण गेले, आणि राहिले किती?”

“राहिलं कुणीच नाही, सगळ्यांचीच लगेच उत्तरं आली. शेवटी मी एकटाच उरलो होतो. खात्री करायला यादीवर विचारलं, ‘कुणी आहे का?’ तो मेल मलाच पोचला, म्हणून मी लिहिलं, ‘मी आहे.’ उत्तर लगेच आलं. मग मलाही काढलं.”