काशिनाथशेठचा बारा बटणांचा बोर्ड

"बोर्डावर एक अक्षर लिहायचं नाही, रंगाचा ठिपका द्यायचा नाही, कुणाला काही शिकवायचं नाही! तरी माझ्या घरच्या माणसाचं बोट पहिल्या झटक्यात बरोबर बटणावर पडलं पाहिजे. बोला, कोण करतो?"

सावद्याचे केळीचे व्यापारी काशिनाथशेठ यांनी नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात हा हुकूम सोडला आणि गावातले दोन वायरमन हात जोडून चालते झाले.

आता खरं सांगायचं तर चूक शेठचीच. विजेच्या सामानाचं दुकान माझं, बोर्डही माझ्याकडचाच. मी म्हटलं होतं, "शेठ, एक पंखा, एक ट्यूब, एक झुंबर, एक टीव्ही. सहा बटणांत भागतं." तर म्हणाले, "पाहुणे काय म्हणतील? बाराचा द्या!" गिऱ्हाईक मोठं मागतंय आणि दुकानदार अडवतोय, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. दिला बाराचा.

तेव्हापासून बंगल्यात रोज गोंधळ. पंखा लावायला जावं तर झुंबर पेटायचं. झुंबर विझवायला जावं तर बातम्या ऐन रंगात असताना टीव्ही बंद! पहिल्या वायरमनने चिठ्ठ्या चिकटवल्या, शेठनी त्या नखाने खरवडून काढल्या. "हे घर आहे की औषधाचं दुकान?" दुसरा क्रम पाठ करून घ्यायला लागला, तर शेठच्या बायको मालतीवहिनी कडाडल्या, "या वयात मी पाढे म्हणू होय रे?"

तिसरी आली वैजयंता. पुंजाराम वायरमनची लेक. बाप शिडीवरून पडून कंबर धरून बसलेला. ही आयटीआय शिकलेली, हात बापापेक्षा साफ. पण 'बाईमाणूस काय वायरिंग करणार' म्हणून दोन महिने कुणी दारात उभं केलं नव्हतं.

शेठनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जमलं तर माझ्या नव्या मंगल कार्यालयाचं सगळं वायरिंग तुझं. नाही जमलं तर या गावात पुन्हा काम मागायचं नाही. कबूल?"

"कबूल," वैजू म्हणाली. "तसंही कुणी देत नाही, शेठ. जाऊन जाऊन काय जाणार?"

आणि ही पोरगी पहिल्या दिवशी काय करते? काहीच नाही! मेन स्विच बंद केला, स्टूल ओढलं, वही मांडीवर घेतली आणि बसली. "काकू, जरा पंखा लावा बरं."

"अगं, लाइट कुठाय?"

"नसू दे. लावल्यासारखं करा."

मालतीवहिनींचे हात कणकेने भरलेले. त्यांनी सरळ कोपर टेकवलं ते खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर. वैजूने वहीत खूण केली. मग शेठना बोलावलं. त्यांचं बोट गेलं वरच्या ओळीत तिसऱ्यावर. जुन्या घरात पंखा तिसरा होता ना! वीस वर्षांची सवय ती. असं दोन दिवस चाललं. ट्यूब लावा, झुंबर लावा, टीव्ही लावा. नुसत्या खुणा!

शेठ वैतागले. "काम करायला आलीस का सारीपाट खेळायला?"

"आधी घर वाचते, शेठ. वायरी मागून."

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने बोर्ड उघडला, जोडला, बंद केला. संध्याकाळी परीक्षा. साक्षीला मी. मे महिना, आमच्या खानदेशातला, भिंतीसुद्धा घामेजलेल्या.

"हं, पंखा लाव," शेठ बायकोला म्हणाले. वहिनींनी कोपर टेकवलं. पंखा फिरला! ट्यूब, झुंबर, टीव्ही, सगळं पहिल्या झटक्यात. वहिनी हरखल्या. "अगंबाई, मला हे कधीपासून यायला लागलं!"

"तुम्हाला आधीपासून येत होतं, काकू. बोर्डाला येत नव्हतं. त्याला शिकवलं," वैजू म्हणाली. "पंखा मात्र दोन बटणांवर घेतलाय, जिन्याच्या दिव्यासारखा. एक तुमचं, एक शेठचं. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा."

शेठच्या कपाळाला आठ्या. हरणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं. त्यांनी पंखा बंद करायला लावला, मिशीवरून हात फिरवला, बोर्डासमोर उभे राहिले आणि मोजून मापून दहावं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"बघा!" शेठनी टाळी वाजवली. "पंखा लावायला गेलो, नाही लागला. हरलीस, पोरी!"

वैजू जागची हलली नाही.

"शेठ, तुम्ही पंखा लावायला बटण दाबलंच नाही. मला हरवायला दाबलंत. त्या कामाचं बटण मी बसवलेलं नाही!"

"मला शहाणपण शिकवतेस?" शेठ भडकले. "माझं घर! माझा बोर्ड! मी वाटेल ते दाबीन!"

"दाबा की. पण उन्हाळ्यात एवढं रागावू नये. घाम बघा किती आलाय."

"घाम येणार नाही तर काय होईल? भट्टी झालीय नुसती! आणि वर तू एवढीशी पोर मला," शेठ उपरण्याने मान पुसत, बोर्डाकडे पाठ करून तिच्याकडे डोळे वटारून बघत, तावातावाने बोलतच राहिले, "मला, काशिनाथला, माझ्याच घरात सांगणार, की मी कशाला बटण दाबलं?"

बोलता बोलता डावा हात मागे गेला. खट्! वरच्या ओळीतलं तिसरं.

पंखा गरगर फिरला. शेठचं उपरणं उडालं.

शेठनी वर पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

वैजू हळूच म्हणाली, "हट्ट तुमच्या डोक्यात आहे, शेठ. बोटाला त्याची खबर नाही!"

आधी वहिनींना हसू फुटलं. मग मला. आणि मग काशिनाथशेठ असे हसले, असे हसले, की पोट धरून सोफ्यावर बसले. "जिंकलीस गं पोरी! माझ्याच बोटाला फितूर केलंस!" डोळे पुसत त्यांनी मंगल कार्यालयाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढला आणि तिच्या हातात ठेवला. "उद्यापासून कार्यालय तुझं. ते झालं की माझ्या वखारीचं वायरिंगही तूच करायचंस. आणि बापाला सांग, काशिनाथ म्हणाला, शिडी आता लेकीच्या नावावर करून टाक!"