शनिवारचा घाणा

कोकणात खाडीकाठच्या एका गावात एल्लोजी नावाचा ज्यू तेली राहायचा. त्याच्या समाजाचे तेली शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. एल्लोजी होता देवभोळा, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

एका शनिवारी शेजारच्या हसाजीच्या परसाकडून त्याला करकर ऐकू आली. झालं! हसाजी शनिवारी घाणा चालवतो, असं त्याने गावभर केलं. समाजाने हसाजीला वाळीत टाकलं. त्याच्या पंगतीला कुणी बसेना. मुलीची ठरलेली सोयरीक मोडली.

पुढे एल्लोजीला कळलं, करकरत होता तो पलीकडच्या माळ्याचा रहाट. पण आता बोललो तर आपलंच हसं होईल, म्हणून हा शहाणा मूग गिळून बसला.

दारफाळणीचा सण आला. पापक्षालनाचा दिवस. सूर्यास्ताला दार लावायचं, ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही आणि कडकडीत उपास करायचा.

"यंदा आवंढासुद्धा गिळणार नाही," एल्लोजी बायकोला म्हणाला. "सगळं पाप धुऊन निघेल."

दार लावायच्या आधी, त्या दुपारी समाजाची धर्मकार्यं करणारे म्हातारे काजी मंडळींना योना संदेष्ट्याची गोष्ट सांगत होते. निनवे शहराचा नाश होणार, असं देवाने त्याच्या तोंडून बजावलं. लोक पालटले आणि शहर वाचलं.

"मग संदेष्ट्याचा शब्द खोटा पडला की!" एल्लोजी म्हणाला.

"खोटा पडावा म्हणूनच देवाने सांगायला लावला."

"उपासाने वाचले ना पण?"

"अरे बाबा, देवाने त्यांचे उपास नाही पाहिले. ते वाईट वाट सोडून वळले, ते पाहिलं. आणि माणसाचा गुन्हा केला असेल, तर आधी त्या माणसाचं दार गाठावं लागतं."

एल्लोजी उठला. तो तडक हसाजीकडे गेला.

"हसाजी, ती आवई मीच उठवली. खोटी होती. खरं कळूनही गप्प बसलो."

हसाजीचे डोळे लाल झाले. "माझ्या कानात काय सांगतोस? गावाला सांग!"

एल्लोजी घरोघर फिरला. कुणी हसलं, कुणी थुंकलं. सोयरीक मोडणाऱ्या व्याह्याने तर शिव्यांची लाखोली वाहिली. एल्लोजीने मान खाली घातली, पण एकही घर सोडलं नाही.

सूर्य खाडीकडे कलला होता. एल्लोजी परतला, तेव्हा हसाजी आपल्या दारातच उभा होता.

"उपासाआधी दोन घास खाऊन जा," तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, "दोन पानं वाढ गं!"

"तिसरं माझं," मागून काजी म्हणाले.

"आणि चौथं माझं," व्याही खालमानेने म्हणाला.

वाढता वाढता हसाजीच्या बायकोला रडू आवरेना.

तात्पर्य: काटा जिथे रुतवला, तिथूनच काढावा लागतो, माणसाचा अपराध करून देवापुढे नुसतं उपाशी राहिल्याने तो निघत नाही.